दप्तराचा भार आणि लेखकाची मान
जालना जिल्ह्याच्या संदर्भात लेखनसाधनांच्या वापराचा व वहनाचा विचार

लेखनाच्या इतिहासात लिपीचा विचार झाला, कागदाचा झाला, शाईचा झाला. ज्या देहाने लेखन केले त्या देहाचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झालेला नाही. लिहिणारा कसा बसत असे, कागद कशावर ठेवीत असे, त्याची मान किती वाकत असे, आणि लिहिलेले घेऊन तो एका गावाहून दुसऱ्या गावी कसा जात असे, हे प्रश्न संशोधकास आजवर गौण वाटत आले. मोडी कागद वाचणारा अभ्यासक अक्षराच्या वळणावरून काळाचा अदमास बांधतो. परंतु ते वळण काढताना कारकुनाचा कोणता गुडघा उभा होता, याची विचारपूस तो करीत नाही. प्रस्तुत लेखात हाच उपेक्षित प्रश्न हाती घ्यावयाचा आहे, आणि त्यास निमित्त झाले आहे ते लॅपटॉप या अगदी अलीकडच्या यंत्राचे.

निमित्त थोडे व्यक्तिगत आहे. ते एकदा सांगून टाकणे बरे. जालना जिल्ह्यातील बोलींची सामग्री गोळा करण्याच्या कामी प्रस्तुत लेखकास अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या तालुक्यांतून दोन हिवाळे हिंडावे लागले. लॅपटॉप, त्याचा चार्जर, ध्वनिमुद्रक, दोन जाड वह्या व पाण्याची बाटली असा सारा संसार एकाच पट्ट्याच्या पिशवीत उजव्या खांद्यावर असे. एस. टी.च्या थांब्यापासून वस्तीपर्यंत पायी जावे, कुणाच्या तरी ओसरीवर मांडी घालून बसावे, यंत्र मांडीवर घ्यावे आणि सांगणाऱ्याच्या तोंडून येणारे शब्द टिपीत जावे, असा क्रम होता. दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस उजव्या हाताची करंगळी व अनामिका बधिर होऊ लागली, आणि मान डावीकडे वळेनाशी झाली. वैद्यकीय सल्ल्याने सहा आठवडे टंकन बंद ठेवावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत वाचन तेवढे चालू होते, आणि त्या वाचनात ध्यानात आले की आपले दुखणे मुळीच नवे नाही.

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक जी पुष्पिका जोडीत, तीत एक संस्कृत श्लोक ठिकठिकाणी आढळतो. त्याचा आशय असा की, पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टी एके जागी खिळवून, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे; तरी तो यत्नाने सांभाळावा. नकलाकार हा श्लोक इतक्या वेळा उतरून काढीत की पुढे तो केवळ संकेत होऊन बसला, आणि वाचणाऱ्यानेही त्यास संकेत म्हणूनच सोडून दिले. परंतु त्यातील तक्रारींची यादी नीट पाहावी. पाठ, कंबर, मान, थिजलेली दृष्टी, अधोमुख बैठक. आज लॅपटॉपवर काम करणारा विद्यार्थी अस्थिवैद्याकडे जाऊन जे सांगतो, त्यात या पाचांहून निराळे असे मनगट व बोटे एवढेच निघेल.

युरोपातही हे दुखणे फार पूर्वी ओळखले गेले होते. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने निरनिराळ्या कारागिरांच्या व्याधींवर जो ग्रंथ लिहिला, त्याची पहिली आवृत्ती १७०० साली निघाली. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्याने लेखनिकांचाही समावेश केला आणि त्यांच्या व्याधींची तीन कारणे दिली : सततची बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड होणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. तीन शतकांपूर्वीचे हे निदान आजही बदलावे लागत नाही.

मराठी भाषेने या गोष्टीची नोंद आपल्या पद्धतीने ठेवली आहे. बैठ्या कामाच्या कष्टांविषयीचे आपले वाक्प्रचार पाहिले तर त्यांतील बरेचसे मानेभोवती गोळा झालेले दिसतात. मनुष्य 'मान मोडून' काम करतो. कामाचा डोंगर पडला म्हणजे त्यास 'मान वर करावयास सवड' नसते. शेतकऱ्याच्या कष्टांत कंबर व हाड येते, हमालाच्या कष्टांत पाठ येते. लिहिणाऱ्याची मात्र मान येते. 'खर्डेघाशी' हा शब्द याच कुळातील. खर्डा म्हणजे कच्चे लेखन; त्यास जोडलेले क्रियापद 'लिहिणे' नसून 'घासणे' आहे. लेखन ही बौद्धिक क्रिया होय असे पंडित सांगत असता, भाषा वापरणाऱ्या सामान्य जनांनी ती अंगमेहनत म्हणून ओळखली होती.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा दासबोधात आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब या गावी झाला. हे गाव आज घनसावंगी तालुक्यात असून जांब समर्थ या नावाने ओळखले जाते. ठोसर घराण्याकडे गावचे कुलकर्णपण होते असे परंपरा सांगते. म्हणजे दौत, लेखणी व दप्तर या वस्तू त्या घरात परक्या नव्हत्या. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास सबंध लेखनक्रियेवर आहे. अध्यात्मग्रंथात हा समास कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. परंतु कुलकर्ण्याच्या घरात वाढलेल्या माणसास लेखनाचा व्यवहार शिकवणुकीत आणावासा वाटला, यात नवल ते काय? या समासाचा उल्लेख बहुधा सुंदर हस्ताक्षराच्या संदर्भात होतो. अक्षर वाटोळे, काळेभोर व सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, आरंभीचे व अखेरचे अक्षर एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे, एवढाच भाग पाठ्यपुस्तकांत घेतला जातो. आपल्या विषयाला उपयोगी असा भाग त्यापुढचा आहे.

त्यात रामदास सांगतात की तरुणपणी बारीक अक्षरात लिहिलेल्या वह्या म्हातारपणी कामास येत नाहीत. यास्तव अक्षर मध्यम आकाराचे ठेवावे. लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे वय लक्षात घेऊन अक्षराचे माप ठरविण्याचा असा स्पष्ट उपदेश मराठीत त्यापूर्वी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. कागदाच्या चारी बाजूंस जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जात नाही, हा सल्ला हाताळणीचा व प्रवासाचा आहे. लेखणीसाठी निरनिराळ्या देशांतील बोरू आणावेत, ते घट्ट, बारीक व सरळ असावेत, असेही ते सांगतात. आणि शेवटी येते ती वहनाची तयारी : नाना प्रकारच्या दोऱ्या, पुस्तक गुंडाळण्याची बासने, मेणकापड, पेट्या, कुलुपे. पाण्यापासून मेणकापडाने रक्षण, धक्क्यापासून बासनाने, चोरापासून कुलपाने. गावोगाव हिंडणाऱ्या संप्रदायास ग्रंथ बरोबर न्यावा लागे, आणि तो नेताना ग्रंथाची काळजी कशी घ्यावयाची याचा हा पूर्ण आराखडा होय. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली रामदासी बाडे पाहिली म्हणजे हा उपदेश कागदावरच राहिला नाही, असे दिसते.

तथापि एक गोष्ट या समासात नाही. ग्रंथाचे अंग सांभाळण्याविषयी त्यात पुष्कळ आहे, डोळ्यांविषयीही आहे. पण लिहिणाऱ्याने बसावे कसे आणि भार उचलावा कसा, याविषयी काही नाही. ती बाब बहुधा सर्वांस ठाऊक म्हणूनच सुटली असावी.

ती बैठक कोणती होती? जुनी चित्रे, चावडीतील व पेढीवरील चालत आलेली रीत आणि वृद्धांच्या आठवणी यांवरून तिचे दोन प्रकार सांगता येतात. पहिल्यात एक पाय दुमडलेला व दुसरा गुडघा उभा असे. उभ्या गुडघ्यावर फळी किंवा नुसताच कागदांचा गठ्ठा टेकवून डाव्या हाताने धरावयाचा आणि उजव्या हाताने लिहावयाचे. फारसी-उर्दू लिहिणारा कातिबही असाच बसे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे इकडे वरच्या कचेरीचे लेखन आधी फारसीत व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत, तर गावचा हिशेब मराठीत मोडी लिपीने चाले. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. गुडघा मात्र दोघींचा एकच. दुसरा प्रकार व्यापाऱ्याच्या गादीवरचा. मोंढ्यातील अडत दुकानात मुनीम मांडी घालून बसे, पाठीशी तक्क्या असे, आणि पुढ्यात उतरत्या झाकणाची बुटकी लाकडी पेटी असे. तीत दौत, लेखण्या व रोकड राही; झाकणावर वही उघडावयाची. उतार लिहिणाऱ्याकडे असल्यामुळे वहीची वरची कड उंच होई आणि मान तेवढी कमी वाकावी लागे. हे झाकण म्हणजे शरीरशास्त्र न शिकलेल्या सुताराने मानेवर केलेला उपकारच होता.

मोडी लिपीचाही येथे विचार करावयास हवा. तिचा संबंध देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी परंपरा जोडते. विद्वानांत याविषयी एकमत नाही. शिकस्ता या फारसी लेखनपद्धतीच्या नावाचा अर्थही 'मोडलेली' असाच होतो, हे साम्य लक्षणीय आहे. उगम काहीही असो, तिची रचना हाताच्या सोयीची आहे यात संशय नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकावीत जावयाचे. बाळबोधीत प्रत्येक अक्षरास हात दोनतीनदा उचलावा लागतो. मोडीत तो वाहता राहतो. लिपीच्या घडणीत वेगाची गरज होती असे आपण नेहमी म्हणतो. वेग आणि श्रम यांची सांगड मनगटात पडते, हे त्यास जोडून म्हटले पाहिजे.

आता भाराकडे वळू. लिहिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यास आपण दप्तर म्हणतो. हा शब्द फारसीतून आला, आणि त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या 'दिफ्थेरा' या ग्रीक शब्दात आहे. कातड्यावर लिहिण्याची चाल होती तेव्हाची ती खूण. मराठीत या शब्दाचा संसार मोठा आहे. दप्तरखाना, दप्तरदार, दप्तरी दाखल, दप्तरदिरंगाई, आणि शेवटी शाळकरी मुलाच्या पाठीवरचे दप्तर. राज्याचा लेखसंग्रह ते पोराची पिशवी असा अर्थाचा उतार पुष्कळ शब्दांस लाभत नाही. या दोन टोकांत समान काय, तर कापडात बांधलेले व उचलून नेण्याजोगे लिखित. पुण्यातील पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले, आणि त्यांची मोजदादही रुमालांनीच होते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले, ते याच रुमालांतून.

हे रुमाल वाहिले कोणी? इतिहासकाराने हा प्रश्न टाळता कामा नये. कुलकर्णी स्वतः कमरेस कलमदान खोवी, कानावर बोरू ठेवी, फार तर काखेत एखादी वही घेई. वसुलीचा पैसा, टपाल व कचेरीत न्यावयाचे दप्तर हे गावच्या महाराच्या डोक्यावर असे, आणि फिरतीवर आलेल्या अंमलदाराचे सामानही त्यानेच पुढच्या गावापर्यंत पोचवावयाचे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावकामाच्या या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले, ते ही बांधिलकी मोडण्यासाठीच. आणि मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा केला तो १९५८ साली. म्हणजे आपल्या लेखनसंस्कृतीत श्रमाची अशी वाटणी होती : मान लेखकाची वाके, डोके व पाठ दुसऱ्याची. लेखनिकाच्या पुष्पिकेत पाठ-कंबर-मान यांची तक्रार आहे, पण ग्रंथाच्या ओझ्याची नाही, याचा उलगडा यातून होतो. ओझ्याची तक्रार ज्याने करावयाची त्याच्या हाती लेखणी नव्हती.

इंग्रजी व निजामी कचेऱ्यांतून पुढे मेज-खुर्ची आली. या वस्तूंची नावेच पाहावीत : खुर्ची अरबी, मेज बाहेरून आलेले, टेबल इंग्रजी. पाट, चौरंग व बैठक एवढे आपले. उंच आसनाबरोबर दप्तर एका जागी स्थिरावले. कागद लेखकाकडे येण्याऐवजी लेखक कागदाकडे, म्हणजे कचेरीत, जाऊ लागला. त्यानंतरची मोठी घटना म्हणजे टंकलेखनयंत्र. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली देशी बनावटीचे यंत्र बाजारात आणले आणि तहसिलीच्या आवारात झाडाखाली टंकलेखक बसू लागले, हे आमच्या पिढीनेही पाहिले आहे. या यंत्राने एक क्रांती केली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बोरूने लिहिताना हात जेथे, तेथेच डोळा ठेवावा लागे. टंकलेखकाचा हात खाली कळांवर व डोळा वर कागदावर, किंवा बाजूस उभ्या केलेल्या मसुद्यावर. हात व डोळा यांची हजारो वर्षांची जोडी प्रथमच सुटली, आणि मानेस सरळ राहण्याची सवलत मिळाली. टेबलावरच्या संगणकाने ही सवलत पूर्ण केली : पडदा स्वतंत्र, कळफलक स्वतंत्र.

लॅपटॉपने ती परत घेतली. वाहून नेता यावा म्हणून त्यात पडदा व कळफलक बिजागरीने एकत्र बांधले गेले, आणि हात व डोळा पुन्हा जवळ आले. पडदा डोळ्यांच्या पातळीस आणावा तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. कळा कोपराच्या पातळीस ठेवाव्यात तर मान खाली जाते. दोन्ही एकदम साधत नाही. हा वापरणाऱ्याचा आळस किंवा बेशिस्त नसून यंत्राच्या घडणीतील दोष आहे, आणि तो सोयीची किंमत म्हणून जाणूनबुजून पत्करलेला आहे. माणसाच्या मस्तकाचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो भरते. ते सरळ तोलले असता मानेच्या मणक्यांवर तेवढाच भार येतो, पण पुढे झुकले म्हणजे तरफेच्या नियमाने तो कित्येक पटींनी वाढतो. पाच किलोचे मस्तक पुढे धरून तासन्‌तास बसणे म्हणजे काय, हे भरलेली घागर छातीशी न धरता हात लांब करून धरून पाहिल्यास कळेल.

नावातही एक फसगत आहे. इंग्रजीतील 'लॅप' म्हणजे बसले असता मांड्यांवर होणारी जागा; उभे राहिले की ती नाहीशी होते. मराठीत त्यासाठी वेगळा शब्द नाही. आपण मांडी म्हणतो. इंग्रज खुर्चीवर बसतो तेव्हा त्याची 'लॅप' जमिनीला समांतर असते. आपण मांडी घालतो तेव्हा गुडघे बाजूला जातात, मध्ये खळगा होतो, आणि यंत्र त्या खळग्यात आणखी चार बोटे खाली उतरते. खुर्चीवरच्या मनुष्यासाठी सोसण्याजोगे ठरलेले यंत्र ओसरीवर बसणाऱ्याच्या मानेस अधिक जड जाते ते यामुळे. शिवाय ते तापते. उघड्या किंवा पातळ वस्त्राच्या मांडीवर ते रोज तासन्‌तास ठेवल्याने कातडीवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग पडल्याचे वैद्यांनी नोंदविले आहे; शेगडीशी सतत बसणाऱ्यांच्या पायांवर पडतात तसेच हे डाग. मांडीवर वापरावयाचा नाही असा मांडीवरचा संगणक, ही या वस्तूची खरी व्याख्या होय.

ऑस्बोर्न १ हा विक्रीत यशस्वी ठरलेला पहिला वाहता संगणक १९८१ च्या एप्रिलमध्ये पुढे आला; त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते. पुढच्याच महिन्यात, १ मे १९८१ रोजी, औरंगाबाद जिल्ह्यातून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण जिल्ह्याचे आजचे महसुली दप्तर ज्या जातीच्या यंत्रात शिरले आहे तिचे वय जिल्ह्याइतकेच आहे, एवढे ध्यानात राहावयास हरकत नाही. तलाठ्यांस लॅपटॉप देण्यात आले, फेरफार त्यावर होऊ लागले, आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. एका तलाठ्याच्या सजात अनेक गावे असतात. पूर्वी दप्तराचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर होते, मधल्या काळात ते कचेरीच्या कपाटात गेले, आणि आता ते लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या खांद्यावर आले आहे. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. देहाच्या दृष्टीने मात्र लेखकवर्गास भार कसा वाहावा याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले नव्हते, आणि ते आता घेणे भाग आहे.

हे शिक्षण कोणाकडून घ्यावयाचे? ज्यांनी भार वाहिला त्यांच्याकडून. पडशी ही वस्तू पाहावी. मध्ये तोंड व दोन्ही बाजूंस खण अशी ती पिशवी खांद्यावर टाकली म्हणजे एक खण छातीवर व एक पाठीवर येतो. ओझे समतोल राहते. कावडीचे तत्त्व तेच. डोक्यावर घागर घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते; चुंबळीमुळे भार माथ्यावर पसरतो व मान कण्याच्या रेषेत राहते. या तिन्ही साधनांत भार शरीराच्या मध्यरेषेजवळ ठेवण्याची खटपट आहे. एका खांद्यावर लोंबणारी लॅपटॉपची पिशवी या सर्व शहाणपणाच्या विरुद्ध आहे. ती पडू नये म्हणून तो खांदा नकळत वर उचललेला राहतो, कणा दुसरीकडे कलतो, आणि पट्टा मानेच्या मुळाशी रुततो. दोन रुंद पट्ट्यांची, पाठीस चिकटून बसणारी पिशवी घ्यावी. यंत्र पाठीलगतच्या खणात ठेवावे, बाटली व चार्जर बाहेरच्या. पट्टे इतके आवळावे की पिशवी कमरेखाली लोंबणार नाही. २०२० च्या केंद्रीय धोरणात शाळकरी मुलाच्या दप्तरास त्याच्या वजनाच्या एक दशांशाची मर्यादा घातली आहे. प्रौढ संशोधकानेही ती पाळण्यास प्रत्यवाय नाही. पन्नास किलोच्या विद्यार्थिनीस ही मर्यादा पाच किलो येते, आणि लॅपटॉप, चार्जर, दोन ग्रंथ व पाणी यांतच ती भरते. तिसरा ग्रंथ वाचनालयात ठेवावा हे उत्तम.

बैठकीविषयी सूत्र एकच : यंत्राने जे बांधले ते आपण सोडवावे. टेबलावर काम असेल तर लॅपटॉप जाड ग्रंथांच्या चळतीवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली आणावी, तो पसरलेल्या हाताइतका दूर ठेवावा, आणि वेगळा कळफलक व माउस जोडून कोपरे अंगाशी, मनगटे सरळ राहतील असे पाहावे. पाय जमिनीस पोचत नसतील तर खाली पाट घ्यावा. पण आपल्यापैकी पुष्कळांचे काम खोलीत जमिनीवर बसून होते, आणि परदेशी सूचनापत्रांत त्यांचा विचार नसतो. त्यांनी मुनीमाची रीत धरावी. घोंगडी किंवा चादर दुमडून बुडाखाली घ्यावी, म्हणजे कंबर गुडघ्यांहून उंच होते व पाठीस पोक येत नाही. पाठ भिंतीस व मध्ये लोड. पुढ्यात चौरंग, त्यावर उंचावलेला पडदा, आणि कळफलक मात्र खाली, मांडीजवळच्या पाटावर. ओसरीवर, जेथे यातले काहीच नसते, तेथे टंकन न करता ध्वनिमुद्रण करावे व हाती वही घ्यावी. गुडघा उभा करून वहीत टिपण घेणे मांडीवरच्या यंत्राहून मानेस कमी जाचक आहे, कारण वही हवी तशी कलती करता येते आणि पाय बदलता येतो. प्रस्तुत लेखकाने तिसऱ्या हिवाळ्यात हेच केले. सामग्री थोडी कमी जमली, उतरून काढण्याचे काम वाढले. बोटे मात्र शाबूत राहिली.

कोणतीही बैठक फार वेळ चांगली नसते, हे रामाझ्झिनीचे पहिले कारण विसरू नये. अर्ध्या तासाने उठावे. मधून मधून दृष्टी पडद्यावरून काढून दूरच्या झाडावर न्यावी. आणि अक्षर मोठे करावे. एका पडद्यावर अधिक मजकूर मावावा म्हणून बारीक अक्षर ठेवण्याची सवय विशीत लागते, आणि चाळिशीनंतर डोळे बारीक करून पडद्याकडे झुकताना तिची किंमत कळते. जांबच्या कुलकर्ण्याच्या मुलाने वह्यांविषयी दिलेला इशारा येथे अक्षरशः लागू पडतो.

बोलीच्या टिपणांतील एक नोंद येथे देण्याजोगी आहे. लॅपटॉपच्या पिशवीस शहरात 'बॅग' किंवा 'सॅक' म्हणतात. दप्तर हा शब्द मुलांपुरता उरला आहे, असे प्रस्तुत लेखकाने आपल्या शब्दसूचीत लिहून ठेवले होते. घनसावंगी तालुक्यातील एका चावडीपाशी बसलो असता तलाठी मोटारसायकलवरून आले. पाठीवर काळी सॅक, हातात काही नाही. पारावरच्या एका वृद्ध गृहस्थाने दुसऱ्यास हाक मारून सांगितले, "चल रे, भाऊसाहेब दप्तर घेऊन आले." सूचीतील ती नोंद त्याच दिवशी खोडावी लागली.